कोरडी चोळी

"मणिकर्णिका, दशाश्वमेध, हरिश्चंद्र... आणि चौथा?" दादाने विचारलं.

चौथा घाट काही मला आठवेना.

"पंचगंगा," तो म्हणाला. "द्वारके, लक्ष दे जरा. मावंद्याला सगळ्या गावच्या बायका येतील. काशी करून आलेल्या बाईला चार घाटांची नावं येत नाहीत म्हटल्यावर काय म्हणतील?"

"म्हणतील, गर्दीत काही दिसलं नाही बिचारीला."

"चेष्टा नको."

मी चेष्टा करत नव्हते. आश्रमाच्या ओसरीवर भेटायला येणाऱ्यांसाठी एक बाक होता, त्यावर दादा बसला होता आणि मी खाली जमिनीवर. त्याच्या मांडीवर लाखेने तोंड बंद केलेला तांब्याचा गडू होता. आत गंगाजल होतं म्हणे. गोदावरी आश्रमाच्या मागूनच वाहत होती आणि दादा स्वभावाने काटकसरी, त्यामुळे ते पाणी कुठलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. संगमनेरच्या बाजूच्या आमच्या गावात त्याने सांगून ठेवलं होतं की विधवा बहीण यात्रेकरूंबरोबर काशीला गेली आहे. काशीहून परतलं की गावजेवण घालायचं, त्याला आमच्याकडे मावंदं म्हणतात. दादाने आचारीसुद्धा ठरवला होता.

"आणखी एक," तो म्हणाला आणि माझ्या डोक्याकडे न बघता गडूकडे बघू लागला. "प्रयागला केस द्यावे लागतात. सगळ्याच देतात. तू अशी परत आलीस तर लोकांना कळायला वेळ लागणार नाही. न्हावी मी इथलाच बघतो. गुरुवारी घ्यायला येईन, तेव्हा ते उरकून मगच निघू."

"आणि मूल?"

"कसलं मूल?" दादा म्हणाला.

तो दुष्ट नव्हता. दुसरा भाऊ असता तर मला त्याने परसातला आड दाखवला असता. माझ्या पोटात होतं ते सासरच्या एका माणसाचं होतं. त्याचं नाव मी तेव्हा घेतलं नाही, आता तर तो मेलाही. दादाने मला रातोरात माहेरी नेलं, तिथून इथे आणून सोडलं, आणि माझ्यासाठी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला. मात्र एकदा बोलल्यावर ते त्याने इतकं निगुतीने सांभाळलं होतं की त्यात आता दामूला जागाच नव्हती.

दामू माझा मुलगा. बाळंतघरात अंधूक उजेडात तो मला दाखवला आणि उचलून नेला. नाव आश्रमाने ठेवलं.

हा आश्रम एका वकिलाने काढला होता. तान्हं मूल मारल्याबद्दल एका विधवेला जन्मठेप झाली, तो खटला त्याने चालवला होता, हरला होता, आणि त्यानंतर म्हणे त्याला घरात झोप लागेना. त्याने वर्गण्या गोळा केल्या, गावाबाहेर ही इमारत बांधली आणि दारावर पाटी लावली की मूल मारू नका, आम्हाला द्या. परवा मुंबईहून एक मुलगी आली होती, समाजकार्याचं शिक्षण घेणारी. जुन्या काळी हे काम कसं सुरू झालं ते विचारत होती. तिला मी वकिलाचं सांगितलं, पाळण्यांचं सांगितलं, दुधाचा नियम सांगितला. ती भराभर लिहीत होती. बाकीचं तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दुधाचा नियम असा होता. बाळंतपणानंतर तीन महिने बाईने आश्रमात राहायचं, येईल त्या मुलाला पाजायचं, आणि मग जायचं. मूल तिथेच. मात्र आपलं मूल आपण घ्यायचं नाही, दुसरीचं घ्यायचं. आश्रमाच्या मुख्य आत्याबाई होत्या, पन्नाशीच्या, स्वतः बालविधवा, करड्या आवाजाच्या. त्या म्हणत, "दूध सगळ्यांचं, मूल आश्रमाचं." सुरुवातीच्या काळात आया आपापल्या मुलांना पाजत. मग एकीला भाऊ न्यायला आला. ती मुकाट्याने निघाली आणि वाटेत नदी लागली तिथे उतरली. तेव्हापासून हा नियम झाला. क्रूर होता, पण आत्याबाईंनी तो क्रूरपणे केलेला नव्हता.

आम्ही नियम पाळायचो आणि मोडायचोही. माझ्याकडे ठकूची मुलगी होती आणि ठकूकडे माझा दामू. ठकू बार्शीकडची, तोंडाने फटकळ. रात्री शेजारी अंथरूण टाकलं की ती हळूच म्हणे, "तुझा आज पोटभर प्याला. चावला मेला." मग मी तिच्या मुलीचं सांगायची. एवढ्यावर आम्ही दोघी जगत होतो.

दादा गेला त्या संध्याकाळी मी हे सगळं ठकूला सांगितलं. ती म्हणाली, "गुरुवार म्हणजे लांब नाही गं."

"मी नाही जाणार."

"मग काय करशील? आश्रमात कायमचं ठेवून घेत नाहीत. दुसऱ्यांना जागा लागते."

ते खरंच होतं. परत गेले तर डोक्यावरून वस्तरा, अंगावर विधवेचं लाल आलवण, आणि मरेपर्यंत स्वयंपाकघर. आणि वर काशीच्या गोष्टी. राहायला आश्रमात जागा नाही. दामूला घेऊन बाहेर पडावं तर आश्रम मूल देणार नाही, आणि दिलं तरी विधवेच्या कडेवर तान्हं मूल बघून धर्मशाळेतही कुणी उभं करणार नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, त्यात निदान दोन बाजू तरी असतात. मला तर चहूकडून काठच दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी आम्हा पाजणाऱ्या पाचजणींना बोलावलं. खामगावाहून माणसं येणार होती. त्र्यंबकराव मोहरील म्हणून मोठे कापसाचे व्यापारी, घरात मूल नाही. बायको इथेच नाशकाला माहेरी येऊन राहिली होती आणि खामगावात तिला दिवस गेल्याचं कळवलेलं होतं. त्यांना एक ब्राह्मणाचा मुलगा हवा होता, अंगाने धड, आणि त्याच्याबरोबर पाजायला एक बाई. म्हणजे गावात सांगता येईल की बाळंतिणीला दूध नाही.

"मूल बहुतेक दामूच होईल," आत्याबाई म्हणाल्या. "त्या वयाचा दुसरा धडधाकट मुलगा आपल्याकडे नाही. त्यांची अट एकच आहे. बाई त्याची आई नसावी."

त्या माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत. बाकीच्या चौघीही बघेनात. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बघत नव्हतं, एवढं प्रेम त्या घरात होतं.

नंतर मी एकटी त्यांच्याकडे गेले. "मला त्यांच्यासमोर बसू द्या."

"द्वारका, अट ऐकलीस ना?"

"तुम्ही त्यांना सांगणार आहात का, की आई कोण?"

आत्याबाईंनी दार लोटून घेतलं. "या आश्रमाने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोलिसांनाही नाही. त्यांनाही सांगणार नाही." मग म्हणाल्या, "बस हवं तर. पण नीट ऐक. त्यांना नुसता संशय आला तरी ते दामूला नेणार नाहीत. आल्या पावली जातील. इथली किती मुलं वर्षाची होतात ते तू बघतेस. दूध असून जातात. मोहरिलांच्या घरी हा मुलगा जगेल. तुझ्या हावेपायी त्याचं ते जाऊ देऊ नकोस."

हाव म्हणाल्या त्या. शब्द खोटा नव्हता, म्हणून जास्त लागला.

मंडळी बुधवारी आली. त्र्यंबकराव चाळिशीचे, पगडी, चांदीच्या मुठीची काठी, आणि चेहरा आपण इथे नसल्यासारखा. बायको अन्नपूर्णाबाई, देखणी, थकलेली, सारखा पदर सावरणारी. आणि त्यांच्याबरोबर एक सत्तरीला टेकलेली काटक म्हातारी. त्र्यंबकराव तिला काकू म्हणत होते. दामूला त्यांनी पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि मला दारामागून दिसलं की तिने त्याला धरलं ते सोडण्यासाठी नव्हे. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मला बरं वाटलं आणि तेवढंच भयही वाटलं.

बाईची निवड जेवणानंतर करायची होती. पाहुण्यांना ताक वाढायला ठकू गेली होती. ती धावत मागच्या नहाणीशी आली.

"ती म्हातारी परीक्षा घेणार आहे," ती म्हणाली. "सुनेला सांगत होती, काही काळजी करू नको, मी आईला नुसत्या पान्ह्यावरून ओळखते. पोराला रडवायचं. जिचं असेल तिलाच पान्हा फुटतो. चोळी भिजली की समजायचं."

दामू रडला की मला काय होतं ते मला माहीत होतं. तो आश्रमाच्या दुसऱ्या टोकाला रडला तरी माझी चोळी भिजायची.

पुढे जे केलं ते मी फार विचार करून केलं नाही. ठकूच्या मुलीला घेतलं आणि ती तोंड फिरवेपर्यंत पाजलं. मग शेजारच्या पाळण्यातल्या मुलाला. तरी उरलं ते नहाणीत उभं राहून पिळून टाकलं. आश्रमात दूध सांडणं म्हणजे पाप, आणि मी ते मोरीत सोडत होते. वरून जुन्या धोतराची पट्टी आवळून बांधली. ठकूने गाठ मारली. "श्वास येतोय का?" तिने विचारलं. "येतोय," मी म्हटलं. खरं तर अर्धाच येत होता.

आम्ही पाचजणी ओळीने बसलो. म्हातारी आमच्यासमोर पाटावर बसली, दामूला मांडीवर घेऊन. अन्नपूर्णाबाई तिच्या मागे उभी. त्र्यंबकराव ओसरीवर थांबले होते, पुरुषाचं तिथे काम नव्हतं. आत्याबाई खांबाला टेकून उभ्या होत्या.

म्हातारीने कुणाला काही विचारलं नाही. नाव नाही, गाव नाही. दामूच्या टाचेला तिने बारीक चिमटा काढला.

तो आधी नुसता बघत राहिला. मग ओठ काढून जो रडायला लागला, तो थांबेना. मी भिंतीकडे बघत होते. मनात घाट म्हणत होते, मणिकर्णिका, दशाश्वमेध, हरिश्चंद्र. दादाची शिकवणी अशी कामाला आली. पट्टीखाली दुखू लागलं, गाठी आल्यासारखं. त्याला उचलून घ्यावं आणि त्या म्हातारीच्या हातावर एक चापट मारावी असं मला वाटत होतं. मी बसून राहिले.

"आता बघ," म्हातारी सुनेला म्हणाली.

दोघींनी ओळीवरून नजर फिरवली. ठकूची चोळी भिजली होती. तिच्या शेजारचीची भिजली होती. पलीकडच्या दोघींचीही. रोज कुणाचंही मूल पाजणाऱ्या त्या बायका; पोर रडलं की त्यांच्या अंगाला आपलं परकं कळत नव्हतं. आश्रमाच्या नियमाने काही झालं असेल तर ते हे.

"अगं बाई," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "काकू, या तर सगळ्याच."

म्हातारी माझ्याकडे बघत होती.

मीच तेवढी कोरडी होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. चौघींच्या गर्दीत मी आपोआप लपले असते. करायला गेले एक, आणि पाचात एकटी उघडी पडले. माझ्या कानात दामूचं रडणं तेवढं उरलं.

"ही एकटीच भिजली नाही," अन्नपूर्णाबाई म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. "काकू, ही त्याची आई नाही एवढं तरी नक्की झालं. बाकीच्यांचं कसं सांगावं? पण हिला दूध तरी आहे का?"

"भरपूर आहे," आत्याबाई खांबापासून म्हणाल्या. "नुकतंच दोघांना पाजून आली आहे." हे खरंच होतं. त्या खोटं बोलल्या नाहीत.

म्हातारीने दामूला खांद्यावर घेतलं, थोपटलं. माझ्यावरची नजर तिने काढली नाही. "हीच घे, अन्नपूर्णे," ती म्हणाली. "हीच बरी."

त्या दोघी उठून गेल्यावर ठकू माझी पट्टी सोडायला लागली आणि तिथेच हुंदके देत बसली. मी जाणार म्हणून, की माझं जमलं म्हणून, की तिच्या मुलीला आता कोण पाजणार म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं. मी तिच्या मुलीला शेवटचं घेतलं तेव्हा मला दूधच नव्हतं.

निघताना आत्याबाईंना मी विचारलं, "उद्या दादा येईल. त्याला काय सांगाल?"

"तूच सांग, काय सांगू."

मी थोडा विचार केला. "सांगा, द्वारका काशीत वारली. घाटावरच गेली. त्याला गावात सांगायला बरं पडेल."

"द्वारका, मग माहेर संपलं."

"ते त्याने गडू आणला तेव्हाच संपलं होतं," मी म्हटलं. पुढे कळलं, दादाने मावंद्याच्या आचाऱ्याकडूनच माझं तेराव्याचं जेवण करून घेतलं. काशीत मरण आलं म्हणून गावातल्या बायकांनी माझा हेवा केला.

स्टेशनकडे दोन बैलगाड्या निघाल्या. पुढच्या गाडीत नवरा-बायको आणि त्यांच्या मांडीवर दामू. त्याचं नाव आता अच्युत झालं होतं. मागच्या गाडीत सामान, म्हातारी आणि मी. गाव मागे पडल्यावर तिने गाडीवानाकडे बघितलं. तो बैलांशी बोलत होता. तिने आवाज खाली आणला.

"किती पोरांले पाजून आली होती वं तू?"

"दोघांना."

"अन् उरलेलं सांडलं."

मी मान खाली घातली. आता ती गाडी थांबवणार, मला इथेच उतरवणार, कदाचित दामूलाही परत नेऊन टाकणार. मी तिचे पाय धरले. "काकू, मला काढा, पण त्याला न्या. त्याला परत नका पाठवू."

"पाय सोड. गाडीवान बघते." तिने माझे हात बाजूला केले. "त्या चौघीइले काही भेव नव्हतं, तर त्या भिजल्या. भेव होतं ते तुलेच. गाय चोरणाऱ्याच्याच गोठ्यात झाडून ठेवलेलं असते, बाई."

"मग तुम्ही मला का घेतलंत?"

"पगारी बाई काय करते? पोरगं चालायले लागलं की आपल्या गावी जाते. जाताना चार घरी सांगून जाते. अशा दोन पाह्यल्या म्या." ती पुढच्या गाडीकडे बघत होती. "तू नाही जायची. तुले कोणी बांधून ठेवायची गरज नाही. दार सताड उघडं ठेवलं तरी तू तिथंच राहशील. अन् बोलणार कोणालेच नाहीस, कारण बोलली की त्याचं घर जाते. असं माणूस पैसे देऊन भेटत नाही."

मला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आतड्याचा तिने दोरखंड केला होता आणि मलाच बांधून वर मला सांगत होती. "तुम्हाला काय ठाऊक," मी म्हटलं. "तुम्हाला ते सोसावं लागलं असतं म्हणजे कळलं असतं."

ती हसली नाही, रागावलीही नाही.

"त्र्यंबक माझ्या पोटचा आहे," ती म्हणाली. "थोरल्या जाऊबाईले मूल नव्हतं. सासऱ्यानं माझ्या ओटीतून उचलला, तिच्या ओटीत घातला. दत्तक. साऱ्या गावाले माहीत आहे, चोरी नाही काही. पण त्या दिवसापासून मी काकू. एकाच घरात, एकाच चुलीवर. जाऊबाईले तो तू म्हणे. मले तुम्ही म्हणते. अजून म्हणते." गाडी एका खड्ड्यातून गेली, तिने माझा दंड धरला आणि गाडी सरळ झाल्यावरही सोडला नाही. "पहिली दोन वर्षं लय कठीण जातात. मग ऐकायची सवय होते. मरत नाही माणूस. मी काय मेली?"

पुढच्या गाडीत अच्युत रडायला लागला. अन्नपूर्णाबाईने गाडी थांबवायला सांगितली आणि मागे वळून मला हाक मारली, "बाई, याला घ्या हो. भूक लागली त्याला."

मी उतरून गेले. त्याला पहिल्यांदा, कुणाची चोरी न ठेवता, सगळ्यांसमोर माझ्या मांडीवर दिलं गेलं. त्याने ओढून बघितलं आणि पुन्हा रडू लागला, कारण काही येत नव्हतं. अन्नपूर्णाबाई घाबरून माझ्याकडे बघू लागली. मग आलं. मी खाली बघितलं नाही. बघितलं असतं तर माझा चेहरा तिला दिसला असता.

काकू म्हणाली ते सगळं खरं झालं. मी कुठेही गेले नाही. काकू गेली, त्र्यंबकराव गेले, अच्युत वकील झाला, त्याची मुलं मोठी झाली. पाजणारी बाई होते ती स्वयंपाकाची बाई झाले. अन्नपूर्णाबाईने मला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी घालून पाडून बोलली नाही. माझ्या तापात तिने माझ्या उशाशी रात्री काढल्या आहेत. तिच्या डोक्यात शेवटपर्यंत एकच होतं की पाचजणींत हीच एक त्याची आई नव्हे.

मागच्या थंडीत ती अंथरुणाला खिळली. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेच तिची खाट होती, मध्ये दार नाही, पडदा नाही. एक दिवस दुपारी तिने अच्युतला जवळ बसवून काही सांगितलं. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि पाट ओढून बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, कोर्टात मोठ्या आवाजात बोलणारा. मी मेथी निवडत होते.

"द्वारकाबाई, आईने सांगितलं मला," तो म्हणाला. "मी आश्रमातला. आणि तुम्हीही तिथल्याच."

"हो."

"म्हणजे मला जन्म दिला ती बाई तुम्ही पाहिली असणार."

माझे हात चालूच राहिले. "पाचजणी होतो आम्ही. तिथला नियम होता, कुणी कुणालाही पाजायचं. पाचहीजणींचं दूध तुमच्या पोटात आहे."

"पण तुम्हाला ठाऊक असेल."

पलीकडे अन्नपूर्णाबाई खोकली. तिला सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं, आता सांगावं. आता काय राहिलंय, माझं तरी आणि तिचं तरी. तोंडापर्यंत आलं होतं. पण एका वाक्यात त्या बाईचा अख्खा जन्म त्या खाटेवर मेला असता, आणि तिने तर मला काही केलं नव्हतं.

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

"कशी होती?"

"भित्री होती."

त्याने मेथीची एक काडी उचलली. "टाकून जाताना रडली का?"

"टाकून नाही गेली ती," मी म्हटलं, आणि लगेच सावरलं, "म्हणजे नियमच होता तसा. मूल नेता येत नसे."

"जिवंत असेल?"

"असेल."

"मग कुठे आहे ते सांगा मला. मी जाऊन घेऊन येतो." तो पाटावरून पुढे सरकला. "काकूंची खोली रिकामीच आहे. आईला मी समजावीन, ती नाही म्हणणार नाही. या वयात बिचारी कुणा परक्याच्या घरी राबत असेल."

मी मेथीच्या काड्या एकीकडे केल्या, पानं एकीकडे केली.

"ती नाही यायची, अच्युतराव."

"का?"

"आहे तिथे तिचं बरं चाललंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी वर बघितलं नाही. मग तो उठला, पाट भिंतीला लावून ठेवला आणि दाराशी जाऊन थांबला.

"भाजीत मिरची कमी घाला," तो म्हणाला. "आईला ठसका लागतो."

"बरं," मी म्हटलं.